उपासनेतले अश्रू, प्रचारातले अश्रू

आमच्या मराठी मंडळ्यांमध्ये भावनेविषयी एक जुनी सावधगिरी आहे. रविवारच्या उपासनेत गाताना कुणी डोळे मिटून हात वर केले, किंवा प्रार्थना करताना कुणाचा आवाज चढून कापरा झाला, की पुढच्या बाकांवरचे वडीलजन माना वळवून पाहतात, आणि उपासना सुटल्यावर आवारात चहा घेताना ‘हे असले वळण आपल्याकडे नको’ असे कुणीतरी म्हणतेच. उपासनेला शिस्त हवी, वचन समजून ऐकले पाहिजे, डोळ्यांत पाणी आले म्हणजे देव भेटला असे होत नाही, हे आम्हाला शब्बाथशाळेपासून शिकवलेले असते. ही शिकवण मला मान्य आहे. खटकते ते एवढेच की गर्भपाताचा विषय निघाला की हीच माणसे ती क्षणात विसरतात. ज्या भावनेला वेदीपाशी मज्जाव असतो, तिला प्रचारात मोकळे रान मिळते.

एका तरुण संघाच्या शिबिरात हे अगदी जवळून पाहायला मिळाले. बाहेरून आलेल्या वक्त्याने दिवे मंद करायला सांगितले आणि पडद्यावर छायाचित्रे सुरू झाली: सोनोग्राफीतली धूसर आकृती, नखाएवढे तळवे, आणि मग अशी दृश्ये की ज्यांचे वर्णन मी इथे करणार नाही. कीबोर्डवर बसलेल्या मुलाने एकच सूर धरून ठेवला होता. वक्त्याचा आवाज जसजसा खाली येत गेला, तसतसा तो सूर किंचित वर येत होता. मागच्या रांगेतल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुली हुंदके देत होत्या. स्वयंपाकाच्या मदतीला आलेली एक विवाहित बाई मध्येच उठून बाहेर गेली आणि नळाखाली बराच वेळ तोंड धूत राहिली. तिच्यामागे कुणी गेले नाही. आत ‘जीवनाच्या बाजूने’ हात वर करायला सांगितले जात होते आणि जवळजवळ सगळे हात वर झाले होते. त्या सभेला पुढे ‘आत्म्याने भरलेली’ असे विशेषण मिळाले. उपासनेत हाच परिणाम कुणी वाद्यांच्या जोरावर घडवून आणला असता, तर त्याला आम्ही देखावा म्हटले असते.

माझी बाजू आधीच सांगतो. गर्भातले जीवन हे देवाचे दान आहे आणि ते संपवणे ही गंभीर गोष्ट आहे, असे मी मानतो. ही मंडळीची फार जुनी शिकवण आहे. ‘डिडाखे’ या अगदी आरंभीच्या काळातल्या पुस्तिकेत गर्भपाताला स्पष्ट मनाई आहे. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बेसिल याने एका पत्रात गर्भ आकाराला आला होता की नव्हता हा भेद नाकारला. मात्र त्याच पत्रात अशा स्त्रीचे प्रायश्चित्त मरेपर्यंत लांबवू नये, दहा वर्षांची मर्यादा घालावी, असेही त्याने लिहिले. दहा वर्षे आज आपल्याला कठोर वाटतात, पण बेसिलच्या डोळ्यांपुढे एक माणूस होते, जिला कधीतरी परत प्रभुभोजनाच्या मेजाशी यायचे होते. प्रचाराच्या सभेत हे परत येणे कुणाच्या ध्यानीमनी नसते.

भावना खरी की बनावट, हा प्रश्न ख्रिस्ती जगात सर्वांत बारकाईने तपासला तो अठराव्या शतकात अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये. ८ जुलै १७४१ रोजी एनफिल्ड या गावी जोनाथन एडवर्ड्स या पाळकाने देवाच्या क्रोधावर उपदेश केला, तेव्हा लोकांच्या आक्रोशामुळे त्याला मध्येच थांबावे लागले. बोस्टनचा पाळक चार्ल्स चॉन्सी या प्रकाराला वैतागला होता; त्याचे म्हणणे असे की माणसाला वाट दाखवावी ती प्रकाशित बुद्धीने, उचंबळलेल्या भावनांनी नव्हे. चॉन्सीच्या बाजूने पुरावेही कमी नव्हते. १७४३ च्या मार्चमध्ये जेम्स डेव्हनपोर्ट नावाच्या उपदेशकाने न्यू लंडनमध्ये धर्मपुस्तकांची होळी केली, दुसऱ्या दिवशी ऐहिक मोहाची वस्त्रे जाळायला काढली आणि स्वतःची तुमानही त्या ढिगावर टाकली. जमावातल्या एका बाईने ती उचलून त्याच्या अंगावर भिरकावली, म्हणून प्रसंग तेवढ्यावर निभावला. (मंडळीच्या इतिहासात या बाईचा उल्लेख अधिक ठिकाणी यायला हवा, असे मला नेहमी वाटते.)

एडवर्ड्सने १७४६ मध्ये धार्मिक भावनांवर जो प्रबंध लिहिला, त्याचे मोल असे की त्याने दोन्ही बाजूंना सोपी वाट ठेवली नाही. खरा धर्म मोठ्या अंशी भावनेतच वसतो, हे त्याने चॉन्सीच्या पंथाला सुनावले. आणि भावना तीव्र आहे, ती शरीरावर उमटते, तिच्याबरोबर वचने आठवतात, तोंडातून स्तुती बाहेर पडते, यांपैकी कशानेही ती देवापासून आहे हे सिद्ध होत नाही, आणि नाही हेही सिद्ध होत नाही, असे उत्साही मंडळींना सांगितले. शेवटची कसोटी त्याच्या मते आचरणाची. ही कसोटी त्याच्याच घराला लावली तर निकाल अवघड लागतो, कारण एडवर्ड्स गुलाम बाळगून होता. अश्रूंचे इतके सूक्ष्म पृथक्करण करणाऱ्या माणसाला आपल्या स्वयंपाकघरात विकत आणलेली मुलगी दिसली नाही. म्हणून त्याचे माप मी टाकून देत नाही, पण ते हाती घेताना हे लक्षात ठेवतो.

हे माप गर्भपाताच्या वादाला लावले की बऱ्याच गोष्टी उघड्या पडतात. अमेरिकेतला इव्हँजेलिकल पक्ष जणू पहिल्यापासून एकमुखी होता, असे आपल्याकडे येणाऱ्या साहित्यावरून वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. सदर्न बॅप्टिस्ट परिषद या तिथल्या मोठ्या प्रॉटेस्टंट संघटनेने १९७१ मध्ये सेंट लुईस येथे ठराव केला, त्यात बलात्कार, रक्तसंबंधातील अत्याचार, गर्भातील गंभीर व्यंग, आणि आईच्या भावनिक, मानसिक व शारीरिक आरोग्याला धोका अशा परिस्थितीत गर्भपाताची शक्यता ठेवणारे कायदे व्हावेत, असे म्हटले होते. १९७३ मध्ये अमेरिकाभर गर्भपाताचा हक्क मान्य करणारा रो विरुद्ध वेड खटल्याचा निकाल लागला, आणि १९८० पर्यंत त्याच परिषदेची भूमिका आईचा जीव वाचवण्यापुरत्या अपवादावर येऊन ठेपली. मत बदलणे हा गुन्हा नाही, आणि या बदलामागे गंभीर धर्मशास्त्रीय विचारही होता. पण दरम्यान प्रचाराची एक तऱ्हा घडली. १९८४ चा ‘द सायलेंट स्क्रीम’ हा पट तिचा नमुना. बारा आठवड्यांच्या गर्भाच्या सोनोग्राफीवर बर्नार्ड नेथनसन या, पूर्वी स्वतः गर्भपात करणाऱ्या, डॉक्टरांचे निवेदन आहे आणि पडद्यावरच्या एका हालचालीला त्यात किंकाळी म्हटले आहे. त्या अवस्थेत वेदनेची जाणीव होण्याइतका मेंदू विकसित झालेला नसतो, अशी हरकत अनेक वैद्यकतज्ज्ञांनी घेतली. माझी हरकत निराळी आहे. गर्भाची प्रतिष्ठा त्याला किती दुखते यावर टांगली, की दुखणे नसलेल्या जिवाची प्रतिष्ठा आपण स्वतःहून सोडून देतो. भावना जागवण्याच्या घाईत इथे तत्त्वच हातचे जाते.

समोरची बाजू कोरड्या तर्कावर चालते, असेही नाही. तिच्याकडेही चेहरे आहेत, आणि त्यांतला एक आपल्या फार जवळचा आहे. बेळगावची सविता हलप्पनवार, वय ३१, दंतवैद्य, २८ ऑक्टोबर २०१२ रोजी आयर्लंडमधल्या गॉलवे येथे वारली. सतराव्या आठवड्यात गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झाल्यावर तिने गर्भपाताची विनंती केली होती. गर्भाच्या हृदयाचे ठोके लागत आहेत म्हणून ती नाकारली गेली, आणि पुढे जंतुसंसर्ग रक्तात पसरला. हा कॅथलिक देश आहे, असे तिला सांगितले गेल्याचे नंतरच्या चौकशीत पुढे आले. संसर्गाची लक्षणे वेळीच ओळखली गेली नाहीत, हेही पुढे आले. २५ मे २०१८ रोजी आयर्लंडने ६६.४ टक्के मतांनी गर्भाचा आणि आईचा जगण्याचा हक्क सारखाच मानणारी आपल्या घटनेतली आठवी दुरुस्ती रद्द केली, तेव्हा डब्लिनमधल्या एका भिंतीवर सविताचे चित्र होते आणि त्याभोवती लोकांनी चिकटवलेल्या चिठ्ठ्या. त्यांतल्या बऱ्याच क्षमायाचनेच्या होत्या. ज्या देशात पिढ्यानपिढ्या लोक पापनिवेदनाला जात, तिथे हजारो माणसे एका परक्या मुलीची माफी भिंतीवर लिहून मागत होती. यात प्रचार होता, हे खरे. तरी मला त्यात उपासनेतून हद्दपार झालेली एक गरज दिसते. विलाप करायला चर्चमध्ये जागा मिळाली नाही, तर माणसे भिंत शोधतात.

गोम इथेच आहे, आणि ती समजायला पवित्र शास्त्र अमेरिकेइतके दूर नाही. गर्भपातविरोधी फलकांवर दोन वचने हमखास असतात: स्तोत्र १३९, जिथे देवाने आईच्या उदरात आपली घडण केली असे गाणारा म्हणतो, आणि यिर्मयाचा पहिला अध्याय, जिथे गर्भात घडवण्यापूर्वीच मी तुला ओळखत होतो, असे देव म्हणतो. दोन्ही वचने मला प्रिय आहेत. पण स्तोत्र १३९ त्या एका ओळीपुरते नाही. त्याच्या सुरुवातीला पळून जाऊ पाहणारे माणूस आहे: मी तुझ्यासमोरून कुठे जाऊ, अंधाराने मला झाकले तरी तुला तो अंधार वाटत नाही. दवाखान्याच्या बाकावर, नवऱ्याला न सांगता किंवा नवऱ्याच्या धाकाने येऊन बसलेल्या बाईसाठी या ओळी जितक्या आहेत, तितक्या क्वचितच कुणासाठी असतील. पण फलकावर त्या येत नाहीत. शेवटी शत्रूंचा द्वेष आहे, परमेश्वरा, तुझा द्वेष करणाऱ्यांचा मी पूर्ण द्वेष करतो असा, आणि त्याला लागून लगेच, माझे हृदय पारख, माझ्यात वाईट मार्ग असेल तर पाहा, अशी याचना आहे. द्वेष देवासमोर मांडायचा आणि त्याच श्वासात स्वतःला तपासणीला द्यायचे, हा क्रम उपासनेचा आहे. प्रचार द्वेषाची ओळ न छापताच वापरतो, आणि तपासणीची ओळ गाळतो.

यिर्मयाचे तर याहून अवघड आहे. पहिल्या अध्यायात गर्भापासून निवडलेला हा संदेष्टा विसाव्या अध्यायात आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. मुलगा झाला म्हणून बापाला बातमी सांगणाऱ्या माणसाला शाप देतो. आणि त्याने मला उदरातच का मारले नाही, म्हणजे माझी आईच माझी कबर झाली असती, असे म्हणतो. ईयोबही तिसऱ्या अध्यायात हेच म्हणतो. पवित्र शास्त्राने हे बोल पुसले नाहीत. यांचा अर्थ गर्भपाताला अनुमती असा मुळीच नाही. पण जन्मच नको होता, हा उद्गार देवाच्या माणसाच्या तोंडून देवाच्या घरात निघू शकतो, एवढे त्यातून निश्चित होते. दुसरीकडे लूकच्या पहिल्या अध्यायात अलीशिबेच्या उदरातले बाळ आनंदाने उडी मारते आणि मरीया गाऊ लागते. शास्त्रातला गर्भ असा एका टोकाला उल्लासाचा आणि दुसऱ्या टोकाला शापाचा विषय आहे, आणि मधल्या सगळ्या छटा स्तोत्रांत आहेत. ज्या मंडळीच्या उपासनेत या साऱ्या भावना वर्षभर वाचल्या आणि गायल्या जातात, तिला गर्भपाताविषयी बोलताना कीबोर्डच्या सुराचा आधार घ्यावा लागणार नाही.

आपल्या महाराष्ट्राला याचे एक उदाहरण ठाऊक आहे, पण ते या संदर्भात कुणी आठवत नाही. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात १९०५ च्या पावसाळ्याच्या तोंडावर जे संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, झाले, त्याची हकिकत त्यांच्या सहकारी मिनी एब्रॅम्स यांनी लिहून ठेवली आहे. २९ जूनच्या पहाटे एका मुलीला आपल्यावर अग्नी उतरल्याचा अनुभव आला. खोलीतली दुसरी मुलगी तो पाहून पाण्याची बादली आणायला धावली, आणि ती ओतणार एवढ्यात हिला आग लागलेली नाही हे तिच्या ध्यानी आले. दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीच्या शांत पद्धतीने योहानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या, तोच मुली मोठमोठ्याने रडत प्रार्थना करू लागल्या आणि रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले. योहानाचा आठवा अध्याय उघडतो तो व्यभिचारात धरून आणलेल्या स्त्रीच्या प्रसंगाने, जिला येशूने दोषी ठरवले नाही आणि जिला पुन्हा पाप करू नको असेही सांगितले.

अनेक मिशनरींना हा गलका पसंत पडला नाही. रमाबाई स्वतः ग्रीक-हिब्रू घेऊन बसणाऱ्या, मूळ भाषांवरून सबंध बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम मरेपर्यंत करणाऱ्या विदुषी. गलक्याचे आकर्षण त्यांना असण्याचे कारण नव्हते. तरीही त्यांनी तो बंद पाडला नाही. मला त्याचे कारण केडगावच्या आवारात दिसते. रडणाऱ्या त्या मुली कोण होत्या? दुष्काळातून वाचवून आणलेल्या, बालविधवा, टाकून दिलेल्या. आणि समाजाने ‘पतित’ म्हणून बाहेर काढलेल्या स्त्रियांसाठी तिथे ‘कृपा सदन’ नावाचा स्वतंत्र विभाग होता. त्या रडून झाल्यावर हातमागावर, छापखान्यात, शेतावर, चुलीपुढे कामाला जात. हुंदका आणि भाकरी एकाच आवारात होती. नको असलेल्या गर्भाविषयी बोलण्याचा अधिकार या आवाराने असा मिळवला होता.

तो अधिकार आपल्या मातीत एकट्या ख्रिस्ती लोकांनी मिळवला असेही नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, जिथे विधवेने गुपचूप येऊन बाळंत व्हावे आणि मूल ठेवून जावे किंवा घेऊन जावे. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, तीही सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल झालेल्या शिक्षेच्या निमित्ताने. ताराबाईंचा संताप पानोपानी उकळतो, आणि तो त्या विधवेला पोटुशी करून नामानिराळ्या राहिलेल्या पुरुषाकडे वळतो. आमच्या शिबिरातल्या पडद्यावर पुरुष एकदाही आला नाही.

आजचा महाराष्ट्र तेव्हाचा नाही. १९७१ च्या कायद्याने, जो १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला, विशिष्ट कारणांसाठी गर्भपात कायदेशीर केला. २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांतल्या स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत नेली. त्याचवेळी इथल्या गर्भपाताला मुलगी नको या हट्टाचा विळखा आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. अमेरिकेतला वाद बाईच्या निवडीभोवती फिरतो. इथे कित्येकदा निवड सासूची आणि नवऱ्याची असते आणि टेबलावर झोपते ती सून. तिकडचे पोस्टर भाषांतरित करून इथे लावले, की ज्याने गुन्हा केला तो ते पाहतच नाही, आणि जिच्यावर अन्याय झाला ती नळाखाली तोंड धुते.

कॅथलिक बंधूंनी या बाबतीत निदान शब्द शोधले आहेत. जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या परिपत्रकात गर्भपाताचा कठोर निषेध केला, आणि त्याच पत्रात ज्यांनी गर्भपात केला त्या स्त्रियांशी थेट बोलून त्यांना आशा सोडू नका म्हटले. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना कायमचा दिला. आमच्याकडे नारायण वामन टिळकांच्या भजनांपासून प्रीतीची आणि पश्चात्तापाची गाणी ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतसंग्रहात भरपूर आहेत, पेटी-तबल्यावर ती उत्तम वठतात, आणि टिळकांमुळेच भक्तीत गहिवर येणे हे आमच्यासाठी परके नाही. पण गर्भात गेलेल्या बाळासाठी, मग ते आपोआप गेलेले असो की पाडलेले, आमच्या मंडळीत एकही विधी नाही, एकही ठरलेली प्रार्थना नाही.

म्हणून आमच्या उपासना समितीपुढे मी दोन गोष्टी मांडल्या. गर्भपातावर बाहेरचा वक्ता यायचा असेल तर त्याच्या कार्यक्रमात छायाचित्रे आणि मागचे संगीत नसावे, आणि सभेनंतर बोलायला दोन जाणत्या बाया दाराशी थांबाव्यात, ही पहिली. तिला फारसा विरोध झाला नाही. वर्षातून एका रविवारी विलापाची उपासना व्हावी आणि तिच्यात स्तोत्र ८८ पूर्ण वाचले जावे, ही दुसरी. त्यावर एका वडीलजनांनी हरकत घेतली की ते स्तोत्र अंधारातच संपते, शेवटी आशेची ओळ नाही, आणि लोक, विशेषतः बाया, रडायला लागतील. ते आवरणार कोण? मी म्हटले की ज्याने हे स्तोत्र संहितेत ठेवले त्याने तिथे आशेची ओळ जोडली नाही, तर ती आपण कशाला जोडायची? खजिनदार म्हणाले की तारीख तरी आगमनकाळाच्या आधीची धरा, नाताळच्या तयारीत हे नको. विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे.